अर्पिताचा कापूस

१

जुन्या शाळेच्या खोलीचं कुलूप बाबारावांनी आपल्या हातानं काढलं, दार लोटलं आणि ते उंबऱ्यावरच थिजले. काल दिवस मावळताना खिडकीच्या गजांना टेकलेला कापसाचा ढीग जागेवर नव्हता. कोपऱ्यात चार पुंजके पडले होते. बाकी खोली लग्न उरकलेल्या मांडवासारखी ओकीबोकी.

“गेला!” बाबाराव ओरडले. “शुभांगी, पोरीचा कापूस गेला वं!”

शुभांगी दिपके त्यांच्या मागेच होती. जैनथच्या मंडल कचेरीत ती सीनियर असिस्टंट. कचेरीत एखादी फाईल गहाळ झाली की तहसीलदारसाहेब शिपायाला हाक मारत नसत, शुभांगीला मारत. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं : “फाईल चोरीला जात नसते साहेब, कुणीतरी ती फार जपून ठेवलेली असते.” पण आज हरवलेली वस्तू फाईल नव्हती, आणि जिच्यासाठी ती जमवली होती ती पोर शुभांगीच्या सख्ख्या भावाची होती.

अर्पिता सात वर्षांची. पावसाळ्यापासून तिचा ताप हटेना, अंगावर निळे डाग उठायला लागले, आणि आदिलाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सरळ हैदराबादचा रस्ता दाखवला. रक्ताचा कर्करोग. बरा होणाऱ्यातला आहे, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं. उपचार सरकारी योजनेत बसले. पण आईबापांनी महिनोन्महिने परगावी राहायचं कुठं, खायचं काय, आणि इकडचा पगार बुडाला तर घर कसं चालवायचं, हे मात्र कुठल्याच योजनेत बसत नव्हतं.

आंबुगावानं मग आपल्या परीनं तोड काढली. वेचणीच्या दिवसांत कास्तकाराच्या खिशात पैसा नसतो, घरात कापूस असतो. म्हणून घरटी एक गाठोडं द्यायचं ठरलं. बाबाराव वरच्या आळीतले जुने कास्तकार, भाजीचा मळा बाळगून असलेले. ते पुढे झाले आणि त्यांच्यामागे गाव आलं. भीमनगरातलं गाठोडं आणि वरच्या आळीतलं गाठोडं एकाच ढिगात रितं झालं, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. नियम एकच होता : गाठोडं सोडायचं, कापूस ढिगात कालवून टाकायचा, कुणी किती दिला ते कुणालाच कळू द्यायचं नाही. देणाऱ्यानं मिरवू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. हा नियम शुभांगीनं घातलेला, आणि तिला त्याचा मनातून मोठा अभिमान होता.

सरकारी खरेदी केंद्रावरचा स्लॉट बाबारावांच्या जमिनीच्या पासबुकावर मिळाला होता. तो आजचा, संध्याकाळपर्यंतचा. हुकला तर पुढचा कधी मिळेल ते देव जाणे, आणि अर्पिताची हैदराबादची बस आज रात्रीचीच होती. टेम्पो दुपारी लागायचा होता, पण बाबारावांना दम निघेना म्हणून सकाळीच ढीग बघायला आले होते.

“किल्ली कोनाजवळ होती, आबा?” शुभांगीनं विचारलं.

“माया घरी, देवळीत. सोता ठेवली, सोता काढली. कुलूपही जसंच्या तसं हाय. भुतानं नेला म्हनावं का काय!”

बघता बघता निम्मं गाव गोळा झालं. बाबारावांची सून प्रणिता सासऱ्यांसाठी चहा घेऊन आली होती. रिकाम्या खोलीकडे तिनं बघितलंही नाही, जमलेली माणसं मात्र एकेक करून न्याहाळली. कुणीतरी पोलिसांना फोन लावा म्हणालं, तशी ती चटकन बोलली, “नका मामाजी, पोलीस नका बोलवू. दुपारपावतर थांबा ना.”

चारचौघांत सासऱ्यासमोर शब्द न काढणारी ही बाई. सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले.

“दुपारी काय कापूस पायी चालत येनार हाय?” बाबाराव खेकसले. प्रणिता पदर सावरून मागं सरली.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, “कापूस पायी जात नाई आबा, टेम्पोतून जाते. गावात टेम्पो कोनाचा हाय, तेवढं पाहा.”

आणि सगळं गाव नागोरावच्या घराच्या दिशेनं निघालं.

२

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गावाला वेळ लागत नाही. शुभांगीनं रस्ता अडवला. “दुपारपर्यंत मले द्या. नाई सापडला तर पोलीस मीच बोलावते.” तिच्या कचेरीचा दरारा म्हणा किंवा भाचीची दया म्हणा, माणसं थांबली.

ती आधी खोलीत परतली. भिंती, गज, कौलं शाबूत. सिमेंटच्या फरशीवर मधोमध धूळ गोळा होऊन चिकटली होती, पाणी सांडून वाळावं तशी. कोपऱ्यातला एक पुंजका तिनं उचलला, त्यातली सरकी काढली आणि दाताखाली धरली. कापूसवाल्या गावातलं शेंबडं पोरही सरकी चावून सांगतं कापूस वाळला की नाही ते. वाळलेली सरकी कट्‌कन फुटते. ही फुटली नाही, पिठासारखी दबली.

“ओला?” ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती बोळातून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली. वळणावरची बाभूळ बोळात इतकी झुकलेली की तिथून कापसाची गाडी गेली तर बाभळीला पांढरी दाढी आल्याशिवाय राहत नाही. बाभूळ आज तुळतुळीत होती. म्हणजे कापूस गाडीतून गेलाच नव्हता.

नागोराव दारात बसून होता, चेहरा उतरलेला. टेम्पोचं मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं.

“मॅडम, पंक्चर काढून राह्यलो कालपासून, दुपारी तुमचाच माल न्यायचा म्हनून. अन्‌ गाव मलेच चोर म्हनते! काल सांजेले आबाचं गाठोडं कोनं वाहिलं? म्याच ना? सगळ्यात शेवटचं होतं ते. गाठोडं दिसाले एवढंसं, पन दोघांनी उचललं तरी कंबर धरली. माया पाठीले अजून ओल हाय.” आणि त्यानं दुखरी कंबर चोळून दाखवली.

“ओल? घामाची?”

“आता घामाचीच असंल. दुसरी कशाची?”

शुभांगीनं मान डोलावली आणि ती संतोषच्या दुकानी गेली. संतोष खाजगी खरेदीदार. गावात सगळ्यांच्या अंगावर कापूस चिकटलेला असायचा, संतोषच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर मात्र कधी तूस दिसायचं नाही. तेवढ्यानंच लोकांना त्याचा संशय यायचा. पोरीचा कापूस मला रोखीनं द्या, असं तो चार दिवस मागं लागला होता. भाव अर्थात त्याचा.

“मी कास्तकाराला मापात मारतो असं तुमी म्हणता,” तो म्हणाला, “म्हणा. पण मी काल दुपारी खिडकीतून हात घालून सरकी चावून पाहिली होती. चण्यासारखी फुटली. असला माल मला चोरायची काय गरज? थोडा भाव वाढवून मागितला असता तर तुमीच दिला असता. विचारायचंच तर तुमच्या भावाला विचारा. तो सकाळपासून गावात नाही, ठाऊक आहे का?”

शुभांगी तिथून तडक भावाच्या घराकडे निघाली. धम्मदीप, अर्पिताचा बाप, चार दिवसांपूर्वी भर सभेत म्हणाला होता, ‘मले कोनाचं दान नको.’

३

भावाच्या घरी भावजय वृषाली बॅग भरत होती. लेकीचे कपडे, रिपोर्टांची पिशवी, स्टीलचा डबा. तिनं मान वर केली नाही.

“ताई, ते पहाटंच गाडी घेऊन गेले. काही बोलले नाई. लोक म्हनून राह्यले, बापानंच कापूस कुठं तरी नेऊन टाकला असंल, त्याले लाज वाटत होती म्हनून. तुमाले काय वाटते?”

“मले तो लहानपणापासून ठाऊक हाय. रागावला की जेवत नाई. चोरी करनारा मानूस आधी पोटभर जेवते,” शुभांगी म्हणाली. वृषालीला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली.

अर्पिता खाटेवर बसून होती. तोंडाला मास्क, डोक्याला लाल टोपी, आणि डोळे मात्र साऱ्या गावाचा हिशेब ठेवणारे. डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. म्हणून रोज संध्याकाळी बापाच्या खांद्यावर बसून ती शाळेच्या खिडकीतून आपला ढीग बघून यायची.

“आत्या, मले त्याच्यात उडी मारायची होती,” ती म्हणाली. “आता गेला ना तो?”

“येईल परत. काल पाहिला होता का तू?”

“हो. आबा गाठोडं सोडत होते तवा. आबाचा कापूस सगळ्यात भारी होता. लाइटीत चकाकत होता. दुसऱ्या कोनाचाच नाई चकाकत.”

शुभांगी तिच्याजवळ खाटेवर बसली. “चकाकत होता? कसा?”

“सकाळी गवत चकाकते तसा.”

बाहेर ऑटो थांबला. धम्मदीप उतरला. मोटरसायकल सोबत नव्हती. दारात जमलेल्या चार माणसांनी एकमेकांना कोपर मारलं. तो कुणाकडे न बघता आत आला आणि खिशातलं पाकीट बहिणीच्या हातात देऊन भिंतीला पाठ लावून बसला.

“आदिलाबादेत गाडी विकली. ताई, ढिगावर भरोसा नव्हता असं नाई. पन सारं गाव मायासाठी वेचून राह्यलं अन्‌ मी हातावर हात ठेवून बसलो, हे पाहवत नव्हतं. आपलं बी काही त्याच्यात असावं म्हनून गेलो.” मग बायकोचा चेहरा बघून त्यानं विचारलं, “काय झालं? असे काऊन पाहून राह्यले सगळे?”

शुभांगीनं सांगितलं. धम्मदीप उठला, पुन्हा बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “जाऊ दे ताई. कोनाले दोष देऊ नको. त्यांनी दिला होता, हेच लय झालं. पोरीले मी कसंही करून नेतो.”

हे ऐकून शुभांगीचे डोळे भरले. चार दिवसांपूर्वी दान नको म्हणणारा हाच माणूस. पण रडायला वेळ नव्हता, सूर्य डोक्याकडे सरकत होता. आणि तिच्या मनात एक नाव आता स्पष्ट उभं राहिलं होतं, जे तिला अजिबात नको होतं.

४

ती ओसरीच्या पायरीवर येऊन बसली आणि एकेक गोष्ट मनात मांडत गेली. काल दुपारी संतोषनं चावली ती सरकी कोरडी. आज सकाळी तिनं चावली ती ओली. मधे ढिगात पडलं ते एकच गाठोडं, बाबारावांचं. लहान पण जड. नागोरावची पाठ ओली करणारं. लाइटीत चकाकणारं.

बाबारावांनी कापसावर पाणी मारलं होतं.

का, ते तिला विचारायची गरज नव्हती. खरेदीदार मापात मारतो म्हणून कास्तकार आदल्या दिवशी पाण्याचा हात फिरवतो, हा खेळ इकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा. दोघंही एकमेकांना ओळखून असतात. बाबारावांनी पोरीच्या वाट्याला वजन जास्त यावं म्हणून सवयीनं तेच केलं असणार. माया केली ती, पण सरकारी केंद्रावर ओलावा मोजायचं मीटर लावतात, आणि काटा वर गेला की अख्खा माल परत पाठवतात. तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यात नियम असा, की गाठोडं सोडून कापूस कालवायचाच. एकाची ओल साऱ्या ढिगाला लागली.

ठीक. पण मग नेला कुणी? ओला कापूस चोरून चोराला काय मिळणार? संतोषसुद्धा तो फुकट घेणार नाही.

इथं शुभांगी अडकली. आणि मग तिला तिचंच वाक्य आठवलं. कुणीतरी फार जपून ठेवलेला असतो.

ओला कापूस कुणी चोरत नाही. ओला कापूस वाळवतात.

तिनं मान वर केली. समोर भीमनगरातल्या घरांची छपरं, स्लॅब, पत्रे, सगळीकडे कापूस पसरलेला. वेचणीच्या दिवसांत हे रोजचंच, म्हणून सकाळपासून तिनं त्याच्याकडे बघूनही बघितलं नव्हतं. आता ती एकेका घराकडे बघत गेली. समोरचा स्लॅब रुक्माबाईचा. रुक्माबाई वेचणाऱ्या बायकांची पुढारीण. गावभराचा कापूस तिच्या ओटीतून जायचा, पण तिच्या स्वतःच्या नावावर एक सरीसुद्धा जमीन नव्हती. मग स्लॅबवर कापूस कुणाचा? शेजारचं घरही बिनजमिनीचं. त्याच्या पलीकडचंही. ज्यांना शेत आहे त्यांच्या छपरांवर त्यांचा स्वतःचा माल वाळत होता. ज्यांना नाही त्यांची छपरं मोकळी असायला हवी होती. ती पांढरीशुभ्र झाली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शुभांगीनं कपाळावर हात मारला आणि रुक्माबाईच्या घरची शिडी चढायला लागली.

वर प्रणिता होती. हातात बांबूची काठी, पदर खोचलेला. ती वाकून कापूस उलथापालथा करत होती. शुभांगीला बघताच तिनं काठी खाली ठेवली.

“कधीचं हे?” शुभांगीनं विचारलं.

“काल सांजेले मामाजी पंप घेऊन कापसावर फुसफुस करताना दिसले,” प्रणिता धाप टाकत म्हणाली. “माया माहेरचा अख्खा टेम्पो त्या मीटरनं मागच्या साली परत आला होता ताई. मले माहीत होतं. पन सासऱ्याले तोंडावर कसं बोलू? पहाटं किल्ली घेतली अन्‌ रुक्मामावशीले उठवलं. तिनं बायका गोळा केल्या. दोन्ही आळीतल्या. लुगड्यात बांधबांधून इथं आणला. टेम्पोच्या आधी परत नेऊन टाकनार होतो. कोनाले कळलंच नसतं. मामाजी सकाळीच खोली उघडतील, हे कोनाच्या ध्यानात आलं? बाया तर उजाडतानाच वेचाले गेल्या, फोन घरी टाकून.”

“अन्‌ तू सकाळी बोलली काऊन नाई?”

“काय बोलू? सारं गाव उभं होतं. मामाजीनं हे पोरीसाठी केलं. त्यांची इज्जत गेली तर ते जेवनार नाईत, मी ओळखते त्यांना. ताई, तुमच्या पाया पडते, त्यांचं नाव नका घेऊ.”

शुभांगीनं एक सरकी चावली. अजून पुरती फुटत नव्हती, पण दाताखाली कुरकुरायला लागली होती. ऊन चांगलं कडक होतं.

तेवढ्यात खालून गलका आला. शाळेकडे कुणीतरी ओरडत होतं, “आना त्याले! नागोरावले आना! आबा, लावा पोलिसाले फोन!”

५

शाळेपुढं नागोराव मध्ये उभा होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर बाबारावांच्या मुठीत होती. दुसऱ्या हातात फोन. धम्मदीप त्यांच्यामध्ये शिरून “आबा, सोडा त्याले” म्हणत होता.

“चोरी झालीच नाई,” शुभांगी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण माणसं तिच्याकडे वळली. नेमक्या त्याच वेळी वाटेनं वेचणाऱ्या बायका येत होत्या, पोटाशी ओट्या फुगलेल्या, पुढं रुक्माबाई. गर्दी बघून रुक्माबाईच्या लक्षात सारं आलं आणि ती जागीच थांबली.

“कापूस भीमनगरातल्या छपरांवर वाळून राह्यला,” शुभांगीनं सांगितलं. “ढिगात कुठून तरी ओल आली होती. ओला माल केंद्रावर परत केला असता. ते या बायांच्या ध्यानात आलं, आपल्या कोनाच्या आलं नाई. पहाटं त्यांनी तो डोक्यावर वाहून नेला अन्‌ वाळत घातला. मी सरकी चावून पाहिली, बाभूळ पाहिली, छपरं पाहिली. गाडीनं गेलेला नाई, चोरानं नेलेला नाई. टेम्पो यायच्या आधी त्या परत आननार होत्या. आपुन सकाळी घाई केली, एवढंच.”

“ओल आली? कोनाची?” वरच्या आळीतला एकजण तावातावानं म्हणाला. “ओला कापूस दिला कोनं? भीमनगरातलाच असंल कोनाचा तरी!”

“तुमच्या आळीतला काऊन नाई?” दुसरीकडून उत्तर आलं.

हीच ती भीती होती. शुभांगी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. “आपला नियम काय हाय? कोनं किती दिलं ते पाहायचं नाई. मग कसं दिलं तेही पाहायचं नाई. ढीग एक हाय. ओल बी साऱ्यांची अन्‌ वाळवन बी साऱ्यांची. मी नाव सांगनार नाई, अन्‌ कोनी विचारू नये.”

बाबारावांच्या मुठीतली कॉलर सुटली. त्यांनी आधी नागोरावकडे बघितलं, मग गर्दीच्या मागं खाली मान घालून उभ्या असलेल्या सुनेकडे, तिच्या केसांत अडकलेल्या कापसाकडे. आणि म्हातारा मट्‌कन पायरीवर बसला.

“पानी म्या मारलं,” ते म्हणाले.

“आबा...” शुभांगी पुढं झाली.

“नाई वं, बोलू दे. पंपानं मारलं. बाप मारत होता, आजा मारत होता. वाटलं, पोरीच्या वाट्याले दोन-चार किलो जास्त येतील. अन्‌ मीच लोकाच्या पोराची गचांडी धरून उभा हाय चोर चोर म्हनून!” त्यांनी नागोरावपुढं हात जोडले. “माफ कर बाबा. मापात मारनाऱ्याले फसवता फसवता मी लेकराले फसवून बसलो.”

नागोरावनं ते जोडलेले हात घाईनं खाली केले. रुक्माबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली.

“आबा, रडता काऊन? तुमची माया आमाले दिसते. सरकारच्या मीटरले ती दिसत नाई, त्याले फक्त पानी दिसते!”

आधी एक बाई फिसकन हसली, मग दोन्ही आळ्या हसल्या, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बाबारावही हसले. संतोष आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाला, “हसता काय? दुपार होत आली. शिड्या आणा.” मग साऱ्या गावानं मिळून छपरांवरचा कापूस उलथापालथा केला. सासरा आणि सून एकाच स्लॅबवर, एकाच ओळीत कापूस परतत होते, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बाबाराव तिला विचारून विचारून काम करत होते.

पण सरकी अजून हवी तशी फुटत नव्हती, आणि नागोराव चाक बसवून खाली हॉर्न वाजवत होता.

६

सरकारी केंद्र होतं त्या जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग होती, आणि त्या रांगेनंच काम केलं. टेम्पोवरची ताडपत्री काढून बाबारावांनी माल उन्हाला उघडा केला; गाडी पुढं सरकेपर्यंत दिवस कलला. मीटरवाला पोरगा तेलुगूत बोलणारा. ओलाव्याला तो ‘तेमा’ म्हणायचा आणि तो शब्द कानी पडला की रांगेतले कास्तकार पुन्हा एकदा आपली सरकी चावून बघायचे. त्यानं मीटरची दांडी कापसात खोल खुपसली. बाबारावांनी डोळे मिटले. धम्मदीपनं शेजारी उभ्या नागोरावचा हात धरला.

“एनिमिदी,” पोरगा म्हणाला.

“आठ!” शुभांगी ओरडली. “आबा, आठ!” आठ टक्के ओलावा म्हणजे मोजणाऱ्याला बोट ठेवायला जागा नाही, पूर्ण भाव; पैसे बाबारावांच्या खात्यावर येताच हैदराबादला पाठवायचे ठरलेले होते.

पोरगा पुन्हा दुसऱ्या ठिकाणी दांडी खुपसून बघायला लागला, मग हिंदीत म्हणाला, “बढिया सुखाया है. किसने सुखाया?”

“हमारी बहू ने,” बाबारावांनी छाती पुढं काढून सांगितलं. रांगेतल्या चार गाड्यांनाही ऐकू गेलं. प्रणिता तिथं नव्हती, पण शुभांगीनं ते वाक्य जपून ठेवलं. गावी पोचताच पहिलं तिला सांगायचं म्हणून.

हैदराबादची बस फाट्यावर थांबते. दिवेलागणीला फाट्यावर जत्रा भरल्यासारखी माणसं उभी होती. कुणी शेंगांचा लाडू आणला होता, कुणी लोणच्याची बरणी. बाबारावांनी मळ्यातली वांगी आणली होती आणि हैदराबादेत वांगी मिळतात हे ते मानायलाच तयार नव्हते. धम्मदीप एकेकाला ‘जय भीम’ करत, हात हातात घेत होता. दान नको म्हणणाऱ्या माणसाची मान खाली गेलेली नव्हती. ते बघून शुभांगीला आपला नियम बरा होता असं वाटलं, आणि त्यात थोडं पाणी शिरलं तरी तो तरला याचं नवलही वाटलं.

अर्पिता खिडकीपाशी बसली, लाल टोपी, तोंडाला मास्क. बाबाराव खिडकीखाली आले.

“तुया कापसात तुले उडी मारू देल्ली नाई ना डॉक्टरनं? तू बरी होऊन ये माय. पुढच्या साली खिडकीच्या वरपावतर ढीग लावतो. पहिली उडी तुयीच.”

“खरंच?”

“खरंच.”

अर्पितानं इकडं तिकडं बघितलं, मास्क थोडा खाली ओढला आणि बाहेर वाकून, तिच्या मते अगदी हळू आवाजात, म्हणाली, “पन आबा, त्याच्यात पानी नका टाकजा. मी भिजन ना.”

अख्खी बस हसली. कंडक्टरला काही कळलं नाही, तोही हसला. बाबारावांनी हसता हसता तोंडावर उपरणं धरलं, आणि ते बराच वेळ तसंच राहिलं.

“नाई टाकत माय,” उपरण्याच्या आडून ते म्हणाले. “थेंबभर बी नाई टाकत. तू ये फक्त.”

बस हलली. लाल टोपी खिडकीत दिसेनाशी होईपर्यंत सगळे हात हलवत राहिले, आणि मग शुभांगी, प्रणिता आणि बाबाराव उरलेल्या वांग्यांची टोपली उचलून गावाकडे चालायला लागले.